परांची उतरवायला चार दिवस

कुवेतला गेलेला माणूस तेलाच्या विहिरीच्या काठावर खुर्ची टाकून बसतो आणि संध्याकाळी बादली भरून घरी येतो, अशी आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला एक समजूत आहे. ती मोडायचं पाप मी कधी केलं नाही. दत्तप्रसाद तेंडोलकराने तर तिला खतपाणीच घातलं. सुट्टीवर गावी आला की सांगायचा, ‘मी प्लॅनर आहे.’ ऐकणारे माना डोलवायचे. प्लॅनर म्हणजे काय हे त्याच्या सख्ख्या सासऱ्यांना मरेपर्यंत कळलं नाही. जावई घरांचे नकाशे काढतो असं समजून ते बिचारे दर मे महिन्यात त्याला गोठ्याचं गळकं छप्पर दाखवायला न्यायचे, आणि दत्ताही हाताची घडी घालून छपराकडे गंभीरपणे बघायचा.

खरं सांगायचं तर दत्ताने आयुष्यात एक खिळा ठोकलेला नाही. दुसऱ्याने खिळा कधी ठोकायचा, हे तो ठरवायचा. शुऐब्याच्या एका रसायनाच्या कारखान्यात तो, मी आणि झहूर एकत्र होतो. मी स्टोअरकीपर. कारखाना दरवर्षी दुरुस्तीसाठी काही आठवडे पूर्ण बंद करायचे, त्याला म्हणायचं शटडाऊन. हजारभर माणसं, चारशे कामं, आणि कोणतं काम कोणाच्या आधी नि कोणाच्या नंतर, याचा दत्ताने काढलेला भिंतीएवढा तक्ता. टाकी उघडल्याशिवाय धुता येत नाही, धुतल्याशिवाय आत माणूस उतरत नाही, माणूस बाहेर आल्याशिवाय झाकण लावत नाहीत. एवढी साधी गोष्ट चार रंगांच्या पेन्सिलींनी मांडायची आणि वर टाय लावून हिंडायचं, याचा पगार दत्ता घ्यायचा.

आता त्याचं गुपित. गुपित म्हणजे मी, झहूर आणि कंत्राटदाराची चाळीस माणसं सोडून कोणालाही ठाऊक नसलेली गोष्ट.

झहूर हा हर्णैचा. परांचीवाल्यांचा फोरमन. उंचावर काम करायला लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा करतात, ती परांची. काम संपलं की झहूरची पोरं सगळी परांची एका दिवसात उतरवून ट्रकवर लादायची. दत्ताच्या तक्त्यात मात्र शेवटची ओळ ठरलेली: ‘परांची उतरवणे – चार दिवस.’ म्हणजे तीन दिवस लपवलेले. मध्येच कुठे व्हॉल्व्ह अडकला, क्रेन रुसली, धुळीचं वादळ आलं, की दत्ता त्यातला एखादा दिवस गुपचूप काढून तिकडे लावायचा. कारखाना तारखेला सुरू. शाबासकी दत्ताला.

‘अण्णा,’ तो मला सांगायचा, ‘तक्त्याला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते. पण ती साहेबाला दिसता कामा नये. दिसली की तो तिथे काम घुसवतो.’

साहेब म्हणजे मुस्तफा. अलेक्झांड्रियाचा मिसरी माणूस, जाड चष्मा, त्याहून जाड मिशी. सगळे त्याला बाशमुहंदिस म्हणायचे. त्यांच्याकडे इंजिनिअरला तसंच म्हणतात. तो तक्त्यावरून एकेक ओळ बोट फिरवत जायचा आणि दरवर्षी शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबायचं.

‘परांचीला चार दिवस?’

‘वारा असतो, बाशमुहंदिस.’

‘वल्लाह, वारा तर असतोच,’ म्हणून सही. बाहेर आल्यावर दत्ता आम्हाला डोळा मारायचा. साहेबाला काही कळत नाही याचा त्याला जेवढा अभिमान होता, तेवढा स्वतःच्या डिप्लोम्याचाही नव्हता.

ऑफिसातलं दुखणं ऑफिसात ठेवणाऱ्यांतला तो नव्हता. मंगाफच्या त्याच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर तक्ता, कपाटाच्या दारावर तक्ता. बायको दर्शना बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हाही त्याने तक्ता केला होता. डॉक्टरने दिलेली तारीख, तिच्या अलीकडे-पलीकडे मिळून पंधरा दिवसांची रजा, एकही दिवस वाया नाही. पोरगी आठ दिवस उशिरा आली. रजा संपली म्हणून दत्ता विमानात बसला, आणि विमान उडाल्यावर चार तासांनी समिधा जन्मली. पोरीला वेळेचं भान नाही, हे त्याचं मत त्या दिवशी जे बनलं ते बनलं.

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकचे रणगाडे आले, तेव्हा भिंतीवर ऑक्टोबरच्या शटडाऊनचा तक्ता लागलेला होता. दत्ता दोन दिवस त्याच्याकडे बघत बसला. जणू सद्दामने आधी विचारायला हवं होतं. मग आम्ही सगळे बसने निघून जॉर्डनच्या सीमेवरच्या तंबूंत जाऊन पडलो. हजारो माणसं आणि पाण्याचा टँकर एक. कोणी रडत होतं, कोणी देवाला नवस बोलत होतं. दत्ताने कुठूनसा एक पुठ्ठा पैदा केला आणि पाण्याच्या रांगेचा तक्ता मांडला. नऊ वर्षांची समिधा रांगेच्या तोंडाशी उभी राहून नंबर पुकारायची. आमच्या ओळीतल्या तंबूंना पाणी वेळेवर मिळालं, एवढं त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. बाकी या लेखात त्याच्या बाजूने फारसं काही निघेल असं वाटत नाही.

ब्याण्णवला परत आलो. पोरगी वाढली, आणि नव्याण्णवला बारावी झाली. केमिस्ट्री, बायॉलॉजी नव्वदच्या वर. फिजिक्स चौसष्ट, तेही तीन ट्यूशनवाल्यांनी मिळून विहिरीतून म्हैस काढावी तसे काढलेले. कुवेतमध्ये आमच्या मुलांसाठी बारावीनंतरचा रस्ता सरळ विमानतळाकडे जायचा. समिधाचा गेला अमेरिकेत ओहायोकडे. तिथल्या एका लहानशा कॉलेजने तिला प्री-मेडला घेतलं, अर्धी फी माफ केली, आणि पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत अट घातली: पहिल्या सत्रात चारपैकी साडेतीनच्या खाली घसरलीस तर माफी बंद. माफी बंद म्हणजे परतीचं तिकीट. दत्ताला सगळी फी झेपण्यातली नव्हती. पोरीने ती ओळ पहिल्यांदा वाचली. बापाने ती शेवटपर्यंत वाचलीच नाही. त्याची नजर ‘प्री-मेड’ या शब्दावर चिकटून बसली होती.

त्याच आठवड्यात मराठी मंडळींची सहल वफ्र्याच्या शेतावर होती. काकड्यांच्या हरितगृहापुढे सतरंजीवर उभा राहून दत्ता म्हणाला, ‘आमची समिधा डॉक्टर होतेय.’ टाळ्या. जेवणं होईपर्यंत तीन बायकांनी पोरीला गुडघे दाखवले. पैकी गोदूबाई मणेरीकरांनी तर दोन्ही. त्यांनी औषधाचं नावही विचारून घेतलं असतं, पण समिधा खजुराच्या झाडामागे जाऊन बसली.

मग अमेरिकेहून कॉलेजचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात सगळे विषय, त्यांचे नंबर, त्यांची वजनं. त्या वजनाला क्रेडिट म्हणतात. दत्ताने पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घातलं, पहिलं पान उघडलं, आणि घरात युद्ध सुरू झालं.

‘बाबा, प्री-मेड इज नॉट अ कोर्स.’

‘मग पत्रात काय चुकून छापलंय?’

‘म्हणजे आधी चार वर्षं साधं कॉलेज. त्यात केमिस्ट्री, बायो, फिजिक्स असले ठरलेले विषय घ्यायचे. मग एक परीक्षा. मग मेडिकलला अप्लाय करायचं.’

‘अप्लाय?’ दत्ता खुर्चीतून उठला. ‘म्हणजे तू आता जातेयस ती अर्ज करायला?’

‘चार वर्षांनी करायला.’

दर्शना स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘आणि वफ्र्याक ज्या बायकांनी गुडघे दाखवल्यांनी, तेंका आता काय सांगूचा?’

दत्ता दोन दिवस ते पुस्तक घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी ऑफिसात मला गाठून त्याने ते पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं. चेहऱ्यावर तेज. ‘अण्णा, ही तर आपलीच माणसं! हे बघ. ही दुसऱ्या वर्षाची केमिस्ट्री पहिल्या वर्षाची झाल्याशिवाय देत नाहीत. कॅल्क्युलस चालू असल्याशिवाय फिजिक्स देत नाहीत. टाकी उघडल्याशिवाय धुवायची नाही! शिक्षण कसलं, शटडाऊन आहे हा.’

तेव्हाच मी ओळखलं की पोरीची धडगत नाही.

आठवड्याभरात तक्ता तयार झाला. चार वर्षांचं काम तीन वर्षांत. त्यासाठी पहिल्याच सत्रात केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि फिजिक्स, तिन्हींच्या लॅब, शिवाय कॅल्क्युलस आणि इंग्रजी. एकूण एकोणीस क्रेडिट. कॉलेजची मर्यादा अठराची, म्हणून विशेष परवानगीचा अर्जही टाइप करून तयार. पहाटे सहा ते रात्री दहा, एकेक चौकोन रंगवलेला. आंघोळ सात मिनिटं. जेवण वीस. आठवड्यातून एकदा घरी फोन, बारा मिनिटांचा, त्यातली चार मिनिटं आईसाठी. श्वास घ्यायला जागा म्हणाल, तर माकू. आमच्याकडे दुकानात एखादी वस्तू नसली की अरबी दुकानदार म्हणतो तसं. माकू!

जो माणूस लोखंडी नळ्यांसाठी तीन दिवस लपवून ठेवायचा, त्याने स्वतःच्या पोरीसाठी तीन मिनिटं ठेवली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं, झहूरच्या लक्षात आलं. दत्ताच्या आलं नाही. तो साहेबाच्या खुर्चीत बसला होता ना!

कॉलेजच्या सल्लागार बाईंचं पत्रही आलं होतं, की पहिल्या सत्रात दोनच विज्ञान विषय घ्यावेत. दत्ताने ते वाचून फाइलला लावलं. ‘कंत्राटदार असंच लिहितात. सुरुवातीला सगळेच दिवस वाढवून मागतात.’

एका शुक्रवारी दुपारी मी आणि झहूर त्याच्याकडे जेवायला होतो. झहूरने फहाहीलच्या बाजारातून झुबैदी आणली होती. पापलेटच ती, पण कुवेतचं पापलेट म्हटलं की भाव चढतो. दर्शनाने तिचं तिखलं केलं होतं. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच समिधा म्हणाली, ‘बाबा, फिजिक्स पहिल्याच सेममध्ये घेतलं तर आय विल फेल. साडेतीन सोडा, अडीच येणार नाहीत. माफी गेली की मी जानेवारीत परत इथे.’

‘नापास कशी होशील? आठवड्याला सहा तास दिलेत मी फिजिक्सला.’

‘तासांनी फिजिक्स येत असतं तर बारावीतच आलं असतं ना!’

‘अरे दत्ता,’ झहूर काटा काढत म्हणाला, ‘पोरगी हाय ती. कंडेन्सर नाय.’

‘तू तुझी परांची बघ.’

‘मी तीच बघतो रं. तू नाय बघत.’

दत्ताला ते टोचलं नाही. त्याला टोमणे पोचायला वेळ लागतो. तक्त्यात त्यांची वेळ ठरलेली नसते.

कॉलेजने एक पानी फॉर्म पाठवला होता. वर विषय, खाली आठवड्याचे चौकोन. दहा जुलैच्या आत फॅक्सने पोचला पाहिजे, नाहीतर वर्ग भरतात. आणि समिधाला अठरा पुरे व्हायला सप्टेंबर उजाडणार होता, म्हणून खाली पालकाची सही. दत्ता तो फॉर्म पाकिटातून काढतच नव्हता. राजाने शिक्का जपावा तसा.

समिधाने पाण्याचा घोट घेतला. ‘ओके. एकदा मी भरते फॉर्म. फिजिक्स सोडून बाकीचे चार विषय, त्यांचा अभ्यास, सगळं. माझ्या तक्त्यात तुम्हाला सहा तास रिकामे सापडले तर फिजिक्स घालीन. प्रॉमिस. नाही सापडले तर सही.’

दत्ता हसला. वेळ शोधून काढायची पैज त्याच्याशी! कोळ्याला मासे दाखव म्हणण्यासारखंच झालं. ‘कबूल. हे दोघे साक्षीदार.’

झहूरने मान हलवली. मी दुसरा तुकडा वाढून घेतला.

फॉर्मच्या चार झेरॉक्स काढायच्या होत्या. समिधाला फहाहीलला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. गाडीत एसी सुरू केला, तेवढ्यात पोरगी म्हणाली, ‘अण्णा, बाबांचा शटडाऊन कधीच लेट कसा होत नाही हो?’

आता मला सांगा, असा प्रश्न माझ्यासारख्याला विचारावा? मंगाफहून फहाहील दहा मिनिटांवर. मी पंचवीस लावली, गोष्ट पुरी व्हायला हवी म्हणून. परांची सांगितली, चार दिवस सांगितले, साहेबाचं बोट सांगितलं, ‘वारा असतो’ हेही सांगितलं. श्वास घ्यायच्या जागेचं सुभाषित दोनदा म्हणून दाखवलं. तिने फॉर्म मांडीवर ठेवून सगळं ऐकून घेतलं. फक्त उतरताना विचारलं, ‘आणि मुस्तफासाहेबांना खरंच दिसत नाही?’

‘छे गो!’ मी म्हटलं. ‘आंधळा आहे तो.’

पुढच्या शुक्रवारी तीच माणसं, तेच टेबल. मासा तेवढा बदलला होता. समिधाने फॉर्म बापापुढे ठेवला. दत्ताने पेन्सिलीला टोक केलं आणि शोधाला लागला. केमिस्ट्री. बरोबर. बायॉलॉजी, लॅब, लॅबचा अहवाल. बरोबर. कॅल्क्युलस रोज एक तास. इंग्रजीचे निबंध. सोमवार ते रविवार एकही चौकोन मोकळा नाही. दत्ताच्या चेहऱ्यावर एकाच वेळी कौतुक आणि निराशा दिसायला लागली. पेन्सिल शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली.

‘लॅबची साफसफाई व काचसामान परत करणे – मंगळवार, गुरुवार, दुपारी दोन ते पाच.’

झहूरला ठसका लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या किती सुरेख दिसतात हे मला त्या दिवशी प्रथमच जाणवलं.

‘साफसफाईला आठवड्याला सहा तास?’

‘दोन लॅब आहेत, बाबा.’

‘तिथे माणसं नसतात झाडायला-पुसायला?’

‘अमेरिकेत सगळं आपलं आपण करावं लागतं. तुम्हीच सांगता.’

‘अगो, पण धुणार काय? परीक्षानळ्याच ना? की तेलाची पिंपं?’

समिधाने बापाच्या डोळ्यांत बघितलं आणि शांतपणे म्हणाली, ‘वारा असतो.’

दत्ता आधी तिच्याकडे बघत राहिला, मग मान वळवून माझ्याकडे. मी टाक्या मोजत होतो. नऊ होत्या.

‘वारो खंयचो?’ दर्शना म्हणाली. तिला बिचारीला नवऱ्याच्या पराक्रमाची काहीच कल्पना नव्हती. ‘लॅबात वारो खंयसून येतलो? सही करा हो, जेवण निवता.’

‘उद्या,’ दत्ता म्हणाला. त्याने फॉर्म घडी घालून बॅगेत ठेवला. ‘लाल पेन्सिल ऑफिसात आहे.’

समिधाचा चेहरा उतरला. पण पोरगी पुठ्ठ्यावरच्या तक्त्याच्या शाळेत शिकलेली. मी निघताना चपला घालत होतो, तेव्हा तिने दाराशी येऊन माझ्या हातात एक लिफाफा दिला. ‘अण्णा, ह्यात तोच फॉर्म आहे, अगदी सेम. बाबा पहिला खराब करणार. उद्या तुम्ही जवळपास असाल ना?’

शनिवारी सकाळी मी स्टोअरच्या कसल्याशा मागणीपत्रावर सही घ्यायच्या निमित्ताने मुस्तफाच्या खोलीत हजर झालो. परदेशी फॅक्सचं यंत्र तिथेच होतं. दत्ता माझ्याआधी आलेला. फॉर्म त्याच्या हातात. शेवटच्या ओळीवर लाल रेघ अशी की कागद फाटायचा राहिला होता, आणि शेजारी ठसठशीत अक्षरांत ‘फिजिक्स’. सही तेवढी व्हायची होती.

‘काय पाठवतोस, दत्ता?’ मुस्तफाने विचारलं. काळा चहा, त्यात चार चमचे साखर.

‘मुलीचा कॉलेजचा तक्ता, बाशमुहंदिस.’

तक्ता म्हटल्यावर मुस्तफाने हात पुढे केला. सवयच ती. चष्मा सरळ केला, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. समिधाने सगळं इंग्रजीत लिहिलं होतं, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. बोट खाली खाली आलं, लाल रेघेपाशी थांबलं. रेघेखालची ओळ त्याने कागद उजेडाकडे धरून वाचली. मग त्याचं पोट हलायला लागलं, आणि मग मिशी. चहा बशीत सांडला.

‘वल्लाह, दत्ता! ही तर परांची आहे!’

दत्ताचा चेहरा उघड्या टाकीसारखा झाला. ‘कसली परांची?’

‘चार दिवसांची. झहूरची. दुसरी कुठली? सात वर्षं बघतोय. पहिल्या दिवशी दुपारी तुमच्या नळ्या ट्रकवर चढतात आणि तीन दिवस पोरं सावलीत पत्ते कुटतात.’

‘पण तुम्हाला कसं...’

मुस्तफाने मान न वळवता अंगठा मागे केला. आम्ही दोघांनी बघितलं. त्याच्या पाठीमागे खिडकी होती. सात वर्षं आम्ही त्या खोलीत ये-जा करत होतो. साहेब आणि त्याचं बोट यांपलीकडे आम्ही कधी काही बघितलंच नव्हतं. खिडकी थेट झहूरच्या नळ्यांच्या अंगणावर उघडत होती. त्या क्षणीसुद्धा तिथे दोन पोरं उलट्या ड्रमवर पत्ते खेळत होती.

‘मग तुम्ही ते दिवस कापले का नाहीत?’ दत्ताचा आवाज अगदी लहान मुलासारखा आला.

‘कापून काय करू? अलेक्झांड्रियाला माझ्याकडे एक प्लॅनर होता. फार प्रामाणिक. एक दिवसाच्या कामाला एकच दिवस लिहायचा. मी त्याच्यावर खूश, तो माझ्यावर खूश, आणि कारखाना दरवेळी नऊ दिवस उशिरा.’ मुस्तफाने बशीतला चहा परत कपात ओतला. ‘पोरगी हुशार आहे, माशाल्लाह. तुझंच काम शिकलीय. पण ही लाल रेघ कोणाची? तिच्या साहेबाची?’

‘माझी.’

‘अच्छा.’ मुस्तफाने फॉर्म परत दिला. ‘मग तिचा साहेब माझ्याहून वाईट आहे.’

दत्ताने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा कागदाकडे. मग टेबलावरचा खोडरबर उचलून लाल रेघ घासायला लागला. लाल पेन्सिल ती; गुलाबी डाग पसरला, ओळ गेली, आणि कागदाला भोक पडलं.

मी लिफाफा पुढे केला.

‘हा पण तुझ्याकडे?’

‘स्टोअरकीपर आहे बाबा. जादा माल ठेवावाच लागतो.’

त्याने मला जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण प्रेमाची होती असं मी धरून चाललो आहे. एकोणीस क्रेडिटच्या परवानगीचा अर्ज त्याने घडी घालून मुस्तफाच्या ओल्या बशीखाली सारला. फॉर्मवर सही केली. यंत्रात घालायला कागद वाकवला, आणि हात थांबला. मला वाटलं, फिरला परत. पण नाही. त्याने खिशातून पेन काढलं आणि समिधाच्या अक्षरासारखं अक्षर काढत शेवटच्या ओळीत दुरुस्ती केली. साफसफाई फक्त मंगळवारी, तीन तास. गुरुवारचे तीन तास वेगळ्या ओळीत: ‘वाचनालय, संदर्भ शोधणे.’

मग फॅक्स गेला.

त्या संध्याकाळी तो समिधाला समोर बसवून शिकवत होता आणि मी चहा पीत ऐकत होतो. ‘सगळं एकाच ओळीत लपवायचं नसतं गो. कोणीही पकडतं. दोन जागी विभागून ठेवायचं. एकातलं सापडलं तरी दुसरं राहतं. मी सात वर्षं एकाच ओळीत ठेवलं आणि साहेबाच्या खिडकीतून दिसत होतं.’

‘पण बाबा, मी लपवणार कोणापासून?’

‘माझ्यापासून!’ दत्ता वैतागून म्हणाला. ‘आणखी कोणापासून?’

ऑगस्टात पोरगी गेली. मंगळवार-गुरुवारच्या त्या सहा तासांत तिने काय केलं, हे मला ठाऊक आहे. बहुतेक वेळा झोपली. हॉस्टेलवरच्या एका कोरियन मुलीकडून पोहायला शिकली, हेही ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी फिजिक्समध्ये किती मिळाले हेसुद्धा ठाऊक आहे, पण ते सांगणार नाही. माझ्या पोटात काहीतरी राहतं, एवढं तरी एकदा सिद्ध व्हायला हवं.

डिसेंबरच्या शेवटी पहिल्या सत्राचा निकाल मुस्तफाच्या फॅक्सवर आला. आधी त्याने वाचला, मग मी, मग झहूरने, आणि सर्वांत शेवटी, ज्याच्या नावाने आला होता त्या माणसाने. तीन पूर्णांक सहा दशांश.

झहूरने दत्ताच्या पाठीवर अशी थाप मारली की टाय पुढे आला. दत्ता मात्र कागदाकडे संशयाने बघत होता. ‘साडेतीन लागत होते. मग हा वरचा एक दशांश कुठून आला? पोरीने अजून कुठेतरी तास लपवलेत.’ त्याने खिशातून पेन्सिल काढली, टोक तपासलं, आणि परत खिशात ठेवली.

शुक्रवारी फोनचा दिवस. मी तिथेच होतो. मी नसतो कुठे? दत्ताने घड्याळ समोर ठेवून नंबर फिरवला. अभिनंदन नाही, शाबासकी नाही. पोरीने ‘हॅलो’ म्हणताच विचारलं, ‘काय गो, वारा कसा आहे तिकडे?’

‘खूप आहे, बाबा.’

‘असू दे,’ तो म्हणाला. ‘असू दे.’

आणि घड्याळ पालथं घातलं. बारा मिनिटांच्या जागी एकेचाळीस मिनिटं तो एकटाच बोलत राहिला. दर्शनाला तिची चार मिनिटं त्या दिवशी मिळालीच नाहीत.